इंग्रजीतील शब्दांच्या जाती: इंदूरच्या मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरच्या मराठी कुटुंबांतील बहुतेक मुले घरी मराठी, मैदानात व बाजारात हिंदी आणि वर्गात इंग्रजी अशा तीन भाषांत वाढतात. इंग्रजी व्याकरणातील 'पार्ट्स ऑफ स्पीच' हा धडा त्यांच्यासमोर येतो तेव्हा या तिन्ही भाषांच्या व्याकरणांची त्यांच्या डोक्यात सरमिसळ होते. पालक, विद्यार्थी आणि भंवरकुआँ भागात स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी तरुण मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. नातवंडांचा अभ्यास घेणाऱ्या आजी-आजोबांनाही ती वाचता यावीत म्हणून इंग्रजी उदाहरणे देवनागरीतच लिहिली आहेत.

शब्दांच्या जाती आठच का मानतात?

आठ हा आकडा परंपरेने आलेला आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील डायोनिसियस थ्रॅक्स याच्या नावावर असलेल्या ग्रीक व्याकरणात आठ जाती सांगितल्या आहेत, परंतु त्या आजच्या आठ नाहीत. त्यांत विशेषण वेगळे नव्हते, कारण ते नामातच धरले जाई. उलट धातुसाधिताला (क्रियापदापासून बनलेल्या शब्दाला) आणि 'द'सारख्या उपपदाला स्वतंत्र स्थान होते. लॅटिनमध्ये उपपद नाही, म्हणून लॅटिन व्याकरणकारांनी ती जागा केवलप्रयोगी अव्ययाला दिली आणि आकडा आठच ठेवला. सहाव्या शतकात कॉन्स्टँटिनोपल येथे प्रिस्कियनने रचलेल्या व्याकरणात हीच मांडणी आहे, आणि पुढे कित्येक शतके युरोपात तिचाच अभ्यास झाला.

इंग्रजीची व्याकरणे लिहिली गेली ती याच साच्यावर. रसायनशास्त्रातील ऑक्सिजनच्या शोधामुळे परिचित असलेल्या जोसेफ प्रीस्टली यांनी 1761 च्या आपल्या इंग्रजी व्याकरणात धातुसाधित वगळून विशेषणाला स्वतंत्र जात मानले, तर 1795 मध्ये लिंडली मरे यांनी उपपद वेगळे धरून नऊ जाती सांगितल्या. आपल्याकडे 'निरुक्त' या ग्रंथाचा कर्ता यास्क याने नाम, आख्यात (क्रियापद), उपसर्ग आणि निपात (रूप न बदलणारे शब्द) असे चारच वर्ग केले होते, आणि पाणिनीचे काम सुबन्त (नामाची विभक्तिरूपे) व तिङन्त (क्रियापदाची रूपे) या दोन पदप्रकारांवर चालले. मराठीत आज शिकवल्या जाणाऱ्या आठ जाती मात्र थेट त्या परंपरेतून आलेल्या नाहीत. 1836 मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले, आणि त्या काळातील मराठी व्याकरणलेखनावर इंग्रजी व्याकरणाच्या मांडणीचा ठसा स्पष्ट होता. आपली यादी आणि इंग्रजीची यादी इतकी जुळते याचे कारण हेच आहे, आणि ती जुळते म्हणून दोन्ही भाषांतील शब्द सारखेच वागतात असे समजणे धोक्याचे आहे.

शाळेत हिंदी नावे, घरी मराठी नावे आणि पुस्तकात इंग्रजी नावे. त्यांची जुळणी कशी करावी?

नाउन म्हणजे मराठीत नाम आणि हिंदीत संज्ञा. प्रोनाउन दोन्हीकडे सर्वनाम, ॲडजेक्टिव्ह दोन्हीकडे विशेषण आणि ॲडव्हर्ब दोन्हीकडे क्रियाविशेषण. व्हर्बला मराठीत क्रियापद तर हिंदीत क्रिया म्हणतात. शेवटच्या तीन जातींची नावे मात्र दोन्ही भाषांत अगदी निराळी आहेत. प्रेपोझिशनच्या जागी मराठीत शब्दयोगी अव्यय आणि हिंदीत संबंधबोधक, कंजंक्शनसाठी उभयान्वयी आणि समुच्चयबोधक, इंटरजेक्शनसाठी केवलप्रयोगी आणि विस्मयादिबोधक अशी नावे आहेत.

मुलांचा खरा गोंधळ नामाच्या पोटभेदांत होतो. मराठीत 'विशेषनाम' म्हटले की आजोबांना इंदूर, नर्मदा, अहिल्याबाई अशी नावे अपेक्षित असतात, पण हिंदीत व्यक्तिवाचक संज्ञा शिकलेल्या मुलाला 'विशेष' हा शब्द ऐकताच विशेषण आठवते. घरी अभ्यास घेताना एका वेळी एकाच भाषेतील नावे वापरावीत, आणि पाठ्यपुस्तक इंग्रजी असेल तर ती इंग्रजीच असावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

एखादा शब्द कोणत्या जातीचा आहे हे ओळखायचे कसे?

पाठ केलेली व्याख्या येथे फार काळ साथ देत नाही. 'क्रिया दाखवतो तो शब्द क्रियापद' असे शिकलेले मूल 'अरायव्हल' या शब्दाखाली क्रियापद लिहिते, कारण येणे ही क्रियाच आहे. आणि 'धिस हाउस बिलाँग्ज टू माय अंकल' या वाक्यातील 'बिलाँग्ज'मध्ये काहीच घडत नसल्यामुळे तेथे ते अडखळते. त्यापेक्षा शब्दाला तीन प्रश्न विचारावेत. त्याचे रूप कसे बदलते, वाक्यात तो कोणत्या जागी बसतो, आणि तेथे तो कोणते काम करतो? 'अरायव्हल'च्या आधी 'द' बसतो आणि त्याचे अनेकवचन होते, म्हणून ते नाम. 'बिलाँग'चे भूतकाळी 'बिलाँग्ड' होते आणि वर्तमानकाळात तृतीयपुरुषी एकवचनी कर्त्याबरोबर त्याला 'स' लागतो, म्हणून ते क्रियापद.

मराठी घरातील मुलाला ही पद्धत परकी वाटण्याचे कारण नाही, कारण आपल्या भाषेतही जात वाक्यातच ठरते. 'तो मागे राहिला' या वाक्यात 'मागे' हे क्रियाविशेषण आहे, आणि 'घरामागे चिंच आहे' या वाक्यात तेच नामाला जोडले जाऊन शब्दयोगी अव्यय होते. इंग्रजीतील 'आफ्टर' याच वाटेने एक पाऊल पुढे जातो. 'आफ्टर लंच' यात त्याच्यामागून नाम आले आहे, म्हणून तो प्रेपोझिशन आहे. 'आफ्टर वी फिनिश्ड लंच' यात कर्ता व क्रियापद असलेले अख्खे उपवाक्य आले आहे, म्हणून तो कंजंक्शन आहे. 'दे केम सून आफ्टर' यात पुढे काहीच नाही, म्हणून तो ॲडव्हर्ब आहे. मराठीत आपण 'जेवणानंतर', 'जेवल्यानंतर' आणि 'नंतर' असे म्हणतो. उपवाक्य जोडण्यासाठी आपण क्रियापदाचेच धातुसाधित करतो, त्यामुळे कंजंक्शनचे निराळे काम आपल्या लक्षात येत नाही. 'बिफोर' आणि 'सिन्स' या शब्दांनाही हीच कसोटी लावावी.

एकाच शब्दाच्या चार-पाच जाती कशा असू शकतात?

इंग्रजीने शेकडो वर्षांत आपले बहुतेक प्रत्यय गमावले. ज्या भाषेत शब्दाच्या अंगावर प्रत्यय नसतो, तेथे तो जागा बदलून सहज दुसरे काम करू लागतो. 'राउंड' हा शब्द पाहा. 'अ राउंड टेबल' यात तो विशेषण, 'द फर्स्ट राउंड' यात नाम, 'वी वॉक्ड राउंड द राजवाडा' यात प्रेपोझिशन, 'ही टर्न्ड राउंड' यात ॲडव्हर्ब आणि 'दे राउंडेड द कॉर्नर' यात क्रियापद आहे. शेवटच्या वाक्यात त्याला भूतकाळाचा प्रत्यय लागला, हीच त्याच्या क्रियापद असण्याची खूण. 'वॉटर'ही असेच. 'द वॉटर इज कोल्ड' यात नाम, आणि आजी रोज सकाळी तुळशीला पाणी घालते ते सांगताना 'ग्रँडमदर वॉटर्स द तुळस' यात क्रियापद.

काही शब्दांची जात उच्चारावरून कळते, आणि हे शाळेत क्वचितच सांगितले जाते. 'रेकॉर्ड', 'प्रेझेंट', 'ऑब्जेक्ट', 'एक्स्पोर्ट' हे शब्द नाम असताना पहिल्या अवयवावर (उच्चारातील तुकड्यावर) जोर येतो आणि क्रियापद असताना दुसऱ्यावर. मराठीत जोराने शब्दाची जात बदलत नसल्यामुळे आपली मुले दोन्ही ठिकाणी सारखाच उच्चार करतात. 'हाउस' आणि 'यूस' या नामांच्या शेवटी 'स' ऐकू येतो, तर त्याच स्पेलिंगच्या क्रियापदांत तो 'झ' होतो. मोठ्याने वाचून घेणे हाच यावर उपाय आहे.

'स्कूल बॅग' मधील 'स्कूल' विशेषण झाले का?

नाही. तेथे एक नाम दुसऱ्या नामाची माहिती देत आहे, एवढेच. खरे विशेषण 'व्हेरी' स्वीकारते आणि क्रियापदानंतरही बसते, जसे 'द बॅग इज व्हेरी हेवी'. 'द बॅग इज व्हेरी स्कूल' असे कोणी म्हणत नाही. आपण 'शाळेचे दप्तर' म्हणताना 'चे' लावतो, इंग्रजी ते न लावता दोन नामे शेजारी ठेवते.

'अ', 'ॲन', 'द', 'माय', 'धिस' हे शब्द कोठे घालायचे?

जुन्या पुस्तकांत हे सगळे विशेषणांत टाकलेले आढळतील. आजचे व्याकरण त्यांना डिटरमायनर अशी वेगळी जात देते, आणि ती द्यायलाच हवी असे मला वाटते, कारण मराठी विद्यार्थ्याच्या लेखनातील चुकांचा एक मोठा गठ्ठा येथेच सापडतो. विशेषणे एका नामाआधी कितीही येऊ शकतात, पण या गटातील शब्द एका नामाआधी साधारणपणे एकच येतो. मराठीत 'हे माझे पुस्तक हरवले' हे निर्दोष वाक्य आहे, पण 'धिस माय बुक' किंवा 'द माय बुक' इंग्रजीत चालत नाही. तेथे 'माय बुक' तरी म्हणावे लागते किंवा 'धिस बुक ऑफ माइन' तरी.

त्याच ओघात 'माय' आणि 'माइन' यांचाही उलगडा होतो. 'माझे पुस्तक' आणि 'ते पुस्तक माझे आहे' या दोन्ही ठिकाणी आपण 'माझे' म्हणतो, तर इंग्रजी नामाआधी 'माय' आणि एकट्याने उभे राहताना 'माइन' वापरते. 'माइन' हे सर्वनाम आहे.

उपपद मराठीत नाहीच, त्यामुळे त्याची सवय वाचनातूनच लागते. तरी एक उपयोगी नियम सांगता येईल. शहरांच्या नावांआधी 'द' येत नाही आणि नद्यांच्या नावांआधी येतो. म्हणून 'इंदूर गेट्स इट्स वॉटर फ्रॉम द नर्मदा'.

मुले 'शी सिंग्ज गुड' का म्हणतात?

कारण त्यांची मराठी चांगली आहे. आपण 'ती चांगली गाते' आणि 'तो चांगला गातो' असे म्हणतो. काम क्रियाविशेषणाचे असले तरी शब्दाचे रूप विशेषणासारखे कर्त्याप्रमाणे बदलते. मराठीच्या दृष्टीने त्यात वावगे काही नाही. प्रमाण लेखी इंग्रजी मात्र येथे ठाम आहे. नामाबद्दल सांगताना 'गुड' आणि क्रियापदाबद्दल सांगताना 'वेल', म्हणून 'शी इज अ गुड सिंगर' पण 'शी सिंग्ज वेल'.

एवढे पटले की मुले दुसऱ्या टोकाला जातात आणि प्रत्येक क्रियापदानंतर 'ली' लावलेला शब्द आणतात. 'द जलेबी टेस्ट्स स्वीटली' हे चूक आहे. 'टेस्ट', 'स्मेल', 'लुक', 'फील', 'सीम' ही क्रियापदे 'इज'प्रमाणे कर्ता आणि त्याचे वर्णन यांना जोडतात, म्हणून 'द जलेबी टेस्ट्स स्वीट'. मराठीत याचा पुरावा घरच्या जेवणात मिळतो. 'भाजी कच्ची लागते' आणि 'भात कच्चा लागतो' या वाक्यांत 'कच्चा' हा शब्द भाजी आणि भात यांच्या लिंगाप्रमाणे बदलतो, म्हणजे तो त्यांचेच विशेषण आहे. 'गोड' हा शब्द लिंगाप्रमाणे बदलत नाही, म्हणून 'जिलबी गोड लागते' या वाक्यात ही गोष्ट दिसत नाही.

'ली' ही खूणही पूर्ण भरवशाची नाही. 'फ्रेंडली' आणि 'लव्हली' ही विशेषणे आहेत. 'फास्ट' हा शब्द न बदलता दोन्ही कामे करतो. 'हार्ड' म्हणजे कसून, पण 'हार्डली' म्हणजे जेमतेम. 'ही वर्क्स हार्डली' असे प्रगतिपुस्तकात लिहिले गेले तर मुलाच्या कष्टांवर पाणी पडेल.

प्रेपोझिशन म्हणजे शब्दयोगी अव्ययच ना?

अर्धेच. एक वाक्य जवळून पाहू या. 'द होळकर्स मूव्ह्ड देअर कॅपिटल फ्रॉम महेश्वर टू इंदूर इन 1818.' मराठीत आपण म्हणू, 'होळकरांनी 1818 मध्ये आपली राजधानी महेश्वरहून इंदूरला हलवली.' इंग्रजी वाक्यात 'फ्रॉम', 'टू' आणि 'इन' असे तीन प्रेपोझिशन आहेत, आणि तिन्ही आपापल्या नामांच्या आधी सुटे उभे आहेत. मराठीत 'हून' आणि 'ला' हे विभक्तीचे प्रत्यय आहेत, आणि केवळ 'मध्ये' हे शब्दयोगी अव्यय आहे. तिन्ही नामांच्या मागून येतात. म्हणजे आपल्याकडे दोन वेगळ्या साधनांनी होणारे काम इंग्रजी एकाच जातीकडून करून घेते. (याच वाक्यातील 'आपली' आणि 'देअर' यांतला फरकही पाहावा. मराठीत 'आपली' म्हटले की राजधानी होळकरांचीच हे निश्चित होते, इंग्रजीत ते संदर्भावरून समजून घ्यावे लागते.)

यातून एक व्यावहारिक अडचण निर्माण होते. 'ला' हा एक प्रत्यय इंग्रजीत अनेक प्रेपोझिशनांत विखुरला जातो. 'इंदूरला गेलो' यात 'टू', 'इंदूरला राहतो' यात 'इन', 'सहाला उठतो' यात 'ॲट', आणि 'मी काकांना भेटलो' याच्या 'आय मेट माय अंकल' या रूपात काहीच नाही. म्हणून प्रत्ययाचे भाषांतर करण्यापेक्षा क्रियापद आणि त्याचे प्रेपोझिशन यांची जोडी पाठ करावी. 'लिसन टू', 'डिपेंड ऑन', 'वेट फॉर' या जोड्या अशाच लक्षात राहतात. 'डिस्कस' मात्र एकटेच येते. 'विषयावर चर्चा केली' या आपल्या वाक्यातील 'वर'मुळे 'डिस्कस्ड अबाउट' किंवा 'डिस्कस्ड ऑन' असे लिहिण्याचा मोह होतो, तो टाळावा. 'गो होम' यातही 'टू' येत नाही, कारण 'होम' तेथे ॲडव्हर्ब आहे.

'इंग' लागलेला शब्द नेहमी क्रियापदच असतो का?

नाही, आणि येथे मराठी व्याकरण आपल्याला सरळ मदत करते. 'स्विमिंग इज गुड एक्सरसाइझ' यात पोहणे हे धातुसाधित नाम आहे. 'अ स्विमिंग चाइल्ड' यात पोहणारे मूल, म्हणजे धातुसाधित विशेषण. 'शी इज स्विमिंग' यात पोहत आहे, म्हणजे क्रियापदाचा भाग. मराठीत तिन्हींची रूपे वेगळी आहेत, म्हणून शंका आली की वाक्य मनात मराठीत म्हणून पाहावे. 'स्विमिंग पूल' हा पोहणारा तलाव नसून पोहण्याचा तलाव आहे, म्हणजे तेथेही नामच. 'रीडिंग रूम'चेही तसेच.

कंजंक्शनमध्ये मराठी माणसाची नेमकी चूक कोठे होते?

जोड्यांत. 'जरी पाऊस होता तरी आम्ही सराफ्याला गेलो' या वाक्यात 'जरी' आणि 'तरी' दोन्ही लागतात, म्हणून इंग्रजीतही 'ऑलदो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट टू सराफा' असे लिहिले जाते. इंग्रजीला एकच पुरतो, 'ऑलदो' तरी किंवा 'बट' तरी. 'बिकॉज' आणि 'सो' हेही एकाच वाक्यात एकत्र आणू नयेत.

इंटरजेक्शनबद्दल काय लक्षात ठेवावे?

'ओह', 'अलास', 'हुर्रे' हे शब्द वाक्याच्या रचनेत भाग घेत नाहीत. आपल्या 'अरेरे', 'शाबास', 'अबब' यांसारखेच. एवढे पुरे.

परीक्षेत अधोरेखित शब्दाची जात विचारली तर 'डिटरमायनर' लिहावे की 'ॲडजेक्टिव्ह'?

आपल्या अभ्यासक्रमात जे शिकवले आहे ते लिहावे. सीबीएसईच्या नववी-दहावीच्या व्याकरणात डिटरमायनर स्वतंत्रपणे आहेत, तेथे तेच उत्तर योग्य. बहुपर्यायी प्रश्नांत आठच जाती दिलेल्या असतील आणि 'माय' किंवा 'धिस' विचारले असेल, तर त्यापुढे नाम आहे का ते पाहावे. नाम असेल तर ॲडजेक्टिव्ह, नसेल तर प्रोनाउन. 'धिस शॉप इज ओल्ड' यात ॲडजेक्टिव्ह, 'धिस इज अ शॉप' यात प्रोनाउन. 'इतकी वर्षे शिकलो ते चूक होते का' असे पालक विचारतात. चूक काहीच नव्हते. त्या वेळी वर्ग अधिक ढोबळ होते, एवढेच.

घरी शिकवायचे तर कोणत्या क्रमाने?

माझ्या मते नाम आणि क्रियापद ही जोडी सर्वांत आधी घ्यावी, कारण ती ओळखता आली की वाक्याचा सांगाडा हाती येतो. त्यानंतर पाठ्यपुस्तकाचा क्रम बाजूला ठेवून डिटरमायनर, सर्वनामे, प्रेपोझिशन आणि कंजंक्शन घ्यावेत. या बंदिस्त जाती आहेत. त्यांत नवे शब्द जवळजवळ येत नाहीत, त्यांची यादी एका वहीत मावते, आणि कोणत्याही पानावर त्याच पुन्हा पुन्हा भेटतात. इंग्रजीत सर्वाधिक वापरला जाणारा शब्द 'द' हा याच गटातला आहे. नाम, क्रियापद, विशेषण आणि क्रियाविशेषण या खुल्या जाती आहेत, त्यांत रोज भर पडते, म्हणून त्यांची यादी करत बसू नये.

सरावासाठी वर्तमानपत्रातील एकच वाक्य घ्यावे, मुलाला प्रत्येक शब्दाखाली जात लिहू द्यावी, आणि प्रत्येक उत्तराला 'कशावरून?' असे विचारावे. 'कारण त्याच्या आधी द आहे' किंवा 'कारण त्याला भूतकाळाचा प्रत्यय लागला आहे' असे उत्तर आले तर पुढच्या शब्दाकडे जावे. 'पुस्तकात तसे दिले आहे' असे उत्तर आले तर त्याच शब्दाची दोन नवी वाक्ये त्याच्याकडून करून घ्यावीत.